राहीला न सांगितलेली गोष्ट

हिवरदरा हे गाव आष्टीच्या पश्चिमेला, सीना नदीच्या अलीकडे. नदी ओलांडली की इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाची मोगलाई. गावातल्या म्हाताऱ्यांना दोन्ही सरकारं सारखीच लांब वाटायची. पण तुळजाबाईला त्या नदीचं पात्र फार रुंद वाटे. कारण ती आठ वर्षांची असताना याच मुलखातून, उपाशी, चुलत्याच्या खांद्यावर बसून पलीकडे गेली होती, आणि एकविसाव्या वर्षी, मिशनमधल्या बायांसारखं धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, हातात पाट्या-पेन्सिलींची पेटी घेऊन परत आली होती.

एकोणीसशेच्या दुष्काळात तिच्या बापानं बियाण्याची ज्वारी राखून ठेवली होती. घरात कण उरला नाही तेव्हा ती खाल्ली. सहा तोंडांना ती सतरा दिवस पुरली. पुढं पाऊस आला तेव्हा पेरायला काही नव्हतं. बाप काम शोधायला गेला तो आलाच नाही. आई खडी फोडायच्या कामावर जुलाबानं गेली. धाकटी भावंडं तिच्यामागोमाग गेली. तुळजा तेवढी राहिली, आणि चुलत्यानं तिला नगरकडच्या एका मिशनच्या अनाथघरात नेऊन सोडलं. तिथं तिनं बाप्तिस्मा घेतला. नाव बदलू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईनं ठेवलेलं एवढंच उरलंय, ते राहू द्या.

लग्न झालं तेही मिशनमधल्या मास्तराशी, त्रिंबकशी. दोघांना हिवरदऱ्याच्या महारवाड्यातली शाळा मिळाली. दुसऱ्याच वर्षी प्लेगमध्ये त्रिंबक गेला. मिशननं तुळजाबाईला परत बोलावलं, पण ती गेली नाही. एका खोलीच्या त्या शाळेत ती एकटीच शिकवत राहिली. मागच्या अर्ध्या गुंठ्यात तिनं पोरांकडून वाफे करून घेतले. प्रत्येक पोराचा एक वाफा. मिशनच्या शाळा बघणाऱ्या नगरच्या मॅडमनी छापील धडे पाठवले होते, नव्या शेतीचे. लोखंडी नांगर, खोल नांगरट, कापसाचं नवं बी, कष्टाचं फळ. तुळजाबाई ते धडे वाचून दाखवायची आणि मग पुस्तक मिटून आपलं सांगायला लागायची.

"जमीन कुणाची?" ती विचारायची.

"पाटलाची," पोरं म्हणायची.

"पाटलाच्या आधी?"

"निजामाची."

"त्याच्याबी आधी?"

मग कुणीतरी देवाची म्हणायचं आणि तुळजाबाई मान डोलवायची. "शास्त्रात तसंच हाय. देव म्हणतो, रान माझं हाय, तुमी समदे इथं पाव्हणे. पाव्हण्यानं घर कसं वापरावं? आपल्या मागून दुसरा पाव्हणा येणार हाय, ह्ये ध्यानात धरून."

ती त्यांना सरवा वेचणाऱ्या परदेशी सुनेची गोष्ट सांगायची. नवरा मेलेली बाई, सासूला धरून राहिली, दुसऱ्याच्या रानात कापणी करणाऱ्यांच्या मागं पडलेली कणसं वेचून तिनं दोघींचं पोट भरलं. पोरांना ती गोष्ट फार आवडे, कारण त्यांच्या आया सुगीत तेच करायच्या. देवानं कायदाच घातला होता म्हणे, कापताना बांधाकडची कड सोडावी, पडलेलं उचलू नये, ते गरिबाचं.

सतरा साली मॅडमचे धडे कापसावर आले. विलायतेत लढाई लागली होती आणि कापसाला कधी नव्हता तेवढा भाव आला होता. उत्तरेश्वर पाटलानं ओढ्याकडचं शाळूचं सगळं रान कापसाखाली घातलं. तुळजाबाईनं जमिनीवर काडीनं रेघ ओढून पोरांना दाखवलं, हा आपला कापूस, हा गाडीतून नगरला गेला, सरकी काढली, गाठी बांधल्या, रेल्वेनं मुंबईला, तिथून बोटीनं साहेबाच्या देशात. तिथं सूत निघतं, कापड होतं, आणि तेच कापड बाजारात आपल्याला विकायला येतं.

पुढच्या रांगेत राही बसली होती. धोंडीराम आणि जनाबाईची थोरली, नऊ वर्षांची, हाडकुळी, केसांना तेल नसायचं पण विंचरलेले असायचे. ती म्हणाली, "बाई, कापूस खाता येतो का?"

पोरं हसली. तुळजाबाई हसली नाही.

"न्हाई येत."

"मंग कापसाच्या रानात सरवा कसा वेचायचा?"

तुळजाबाईनं काडी खाली ठेवली. ज्वारीच्या रानात कणसं पडायची, खळ्यावर महारवाड्याचा वाटा निघायचा, कडब्याची पेंढी मिळायची. कापसाला खळंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट मॅडमच्या पुस्तकात नव्हती, पाटलाच्या ध्यानात नव्हती आणि तुळजाबाईच्याही नव्हती. ती एका पोरीनं बोलून दाखवली. त्या दिवसापासून तुळजाबाईचा जीव राहीवर जडला. तिला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या कुणाला कळू देऊ नये म्हणून ती राहीला इतरांपेक्षा जास्तच रागवायची.

पण सगळ्यांत जास्त ती शिकवायची ते बियाण्याचं. दरसाल पोरांच्या वाफ्यातली सगळ्यांत भरदार कणसं निवडायची, सावलीत वाळवायची, दाणे राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात मिसळून मडक्यात भरायचे, तोंड शेणामातीनं लिंपायचं. शाळेत उंदीर फार, म्हणून दरसाल एका पोराच्या घरी ते मडकं राखायला द्यायचं. देताना ती सगळ्यांना उभं करायची आणि म्हणून घ्यायची, "बी खाल्लं, त्यानं उद्या खाल्ला. बी देवाचं, आपण राखणदार." हे कुठल्या शास्त्रात नव्हतं. हे तिनं आपल्या बापाच्या रिकाम्या कणगीतून काढलं होतं. पण ती ते शास्त्राच्याच आवाजात म्हणायची, आणि पोरांना काय कळणार, कुठलं देवाचं आणि कुठलं बाईचं.

अठरा सालच्या उन्हाळ्यात मडकं राहीच्या घरी गेलं. पोरीनं ते डोक्यावर घेऊन नेलं, वाटेत कुणाशी बोलली नाही. घरी चुलीपासून लांब, कोपऱ्यात, आईच्या गोधड्यांमागं ठेवलं. जनाबाई पुढं सांगायची, राही रोज सकाळी उठली की आधी मडक्याच्या तोंडावर हात फिरवून बघायची, लिंपण फुटलं तर नाही.

त्या साली पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला. तिफणी दाराशी उभ्याच राहिल्या. कापूस बोटभर वाढला आणि करपला. सीनेचं पात्र वाळूचं झालं. धोंडीराम इंग्रजी हद्दीत रस्त्याच्या कामावर गेला. बाया निवडुंगाची बोंडं आणायच्या, काटे जाळून पोरांना द्यायच्या. तुळजाबाईनं मिशनला दोन पत्रं लिहिली. धान्याची गाडी पाठवतो असं उत्तर आलं.

गाडी यायच्या आधी मानमोडी आली.

तो ताप लोकांनी आधी कधी पाहिला नव्हता. माणूस सकाळी मान धरून खाली बसायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलायला चार माणसं मिळायची नाहीत, कारण ती चारही पडलेली असायची. महारवाड्यात सव्वीस घरं, त्यांतल्या एकोणीस घरांत चूल बंद. मिशनच्या गाडीचा गाडीवान वाटेतच तापानं पडला आणि गाडी कडा गावातच उभी राहिली. तुळजाबाई आठ दिवस घरोघर पाणी देत फिरली. नवव्या दिवशी तीही पडली. मग किती दिवस गेले ते तिला कळलं नाही.

उठली तेव्हा तिचे पाय काडीसारखे झाले होते. भिंत धरून ती दाराशी आली. बाहेर तुकाई बसली होती, शेजारची म्हातारी, तिला पाणी पाजून जगवणारी.

"कोण कोण गेलं?" तुळजाबाईनं विचारलं.

म्हातारीनं बोटांवर मोजत नावं घेतली. अकरावं नाव राहीचं होतं.

तुळजाबाई काठी टेकत जनाबाईच्या घरी गेली. पंचवीस-तीस पावलांची वाट, तिला दोनदा बसावं लागलं. जनाबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर तीन वर्षांची ठकी होती, पोट खपाटीला, पण डोळे उघडे. घरात चूल पेटलेली होती आणि तीवर गाडग्यात कण्या शिजत होत्या. कोपऱ्यातलं मडकं दाराजवळ आलं होतं. त्याचं तोंड फुटलेलं होतं.

जनाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "तुमचं बी मी खाल्लं, बाई," ती म्हणाली. "खापरीनं तोंड फोडलं. निम्मं हाय अजून. ते घेऊन जा."

"जना, राही..."

"मी पडलेलीच व्हते. उठता येईना. मी तिला म्हणलं, राही, त्ये मडकं फोड, कण्या कर, तू खा, ठकीला घाल. न्हाई म्हणली. आई, त्ये आपलं न्हाई, देवाचं हाय. बी खाल्लं त्यानं उद्या खाल्ला. मी शिव्या दिल्या तिला, बाई. मरत्या पोरीला शिव्या दिल्या. तर म्हणली, मी बाईला पुसून येते. बाई खा म्हणल्या तर खाऊ."

"माझ्याकडं आलती?" तुळजाबाईनं विचारलं.

"आलती तुमच्याकडं. हुलग्याच्या दोन मुठी व्हत्या घरात, त्या आदल्या दिसापस्तोर तिनं ठकीलाच घातल्या. सोता पाणी पिऊन ऱ्हायली. तशी चालत आलती. परत आली, मी म्हणलं, काय म्हणल्या बाई? म्हणली, बाई झोपल्यात. उद्या पुसते."

"मंग?"

"उद्या तिलाच ताप भरला. दोन दिस."

 कण्या उतू जायला लागल्या तेव्हा जनाबाई उठली आणि गाडगं खाली घेतलं.

तुळजाबाईला त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं. राही दाराशी उभी राहिली असेल, हाक मारली असेल, कदाचित दोनदा मारली असेल. तुकाई तेव्हा विहिरीवर गेली होती. तुळजाबाईचे डोळे उघडे होते की मिटलेले, ती काही बरळली की नाही, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आष्टीहून आलेला कंपाउंडर नंतर म्हणाला, त्या तापानं पैलवान गडी नेले, पोटभर खाणारे नेले, पोर खाऊनही वाचली असती असं नाही. हे खरंच असेल. पण तुळजाबाईनं त्या शब्दांना हात लावला नाही. तिला वाटे, हे सांत्वन घेतलं तर राहीला दुसऱ्यांदा दाराबाहेर उभं केल्यासारखं होईल.

उरलेलं निम्मं मडकं तिनं तुकाईच्या मदतीनं शाळेपुढं आणलं. त्याच दुपारी जी पोरं चालू शकत होती त्यांना गोळा केलं, तुकाईच्या जात्यावर ज्वारी भरडली, मोठ्या पातेल्यात कण्या शिजवल्या. पोरं आली, पण पातेल्याकडं बघत लांब उभी राहिली. त्यांना ओळखू आलं, ते कुठलं धान्य आहे. एकही हात पुढं येईना.

तेव्हा तुळजाबाईनं सगळ्यांत आधी स्वतः एक घास घेतला. तो गिळताना तिला बापाचं तोंड दिसलं, सतरा दिवसांतला पहिला दिवस. लहानपणापासून मनातल्या मनात तिनं त्याला दोष दिला होता. आता तिला कळलं की त्यानं पोरांना जेवू घातलं होतं, दुसरं काही केलं नव्हतं.

"खा," ती पोरांना म्हणाली. "मी तुमाला एक गोष्ट सांगायची राहिली हाय. ती ऐकत खा."

आणि तिनं सांगितलं. येशूचे चेले एका विश्रामवारी, म्हणजे काम न करायच्या दिवशी, शेतातून चालले होते. भूक लागली होती. त्यांनी उभ्या पिकातली कणसं मोडली, तळहातावर चोळली आणि दाणे खाल्ले. धर्म राखणारे मोठे लोक म्हणाले, आजच्या दिवशी हे करू नये, नेम मोडला. येशूनं नेमाची बाजू घेतली नाही. भुकेल्यांची घेतली. वर म्हणाला, पूर्वीच्या एका राजानंसुद्धा भूक लागली तेव्हा देवापुढं ठेवलेली भाकर खाल्ली होती, आणि देव त्याच्यावर रागावला नव्हता.

ही गोष्ट तिला अनाथघरात असल्यापासून पाठ होती. पोरांना तिनं ती कधीच सांगितली नव्हती. तिच्या बियाण्याच्या धड्याला ती आडवी यायची.

एका पोरीनं खाता खाता विचारलं, "ही गोष्ट राहीला ठावं व्हती का, बाई?"

"न्हाई," तुळजाबाई म्हणाली. 

पुढच्या साली पाऊस बरा झाला. लोकांनी कड्याच्या बाजारातून बी आणलं. शाळा भरायला लागली, पूर्वीच्या निम्मी. उन्हाळ्यात नगरच्या मॅडम टांग्यातून आल्या. त्या मनानं चांगल्या होत्या. मानमोडीत त्यांनी स्वतःच्या हातानं रोग्यांची धुणी धुतली होती. फिरत्या उपदेशकाकडून त्यांना राहीची हकिकत कळली होती. त्यांनी तुळजाबाईकडून सगळं पुन्हा ऐकलं. ऐकताना रुमालानं डोळे पुसत होत्या आणि वहीत लिहीत होत्या.

"किती विश्वासू मुलगी," त्या म्हणाल्या. "आज्ञा मोडली नाही. मरेपर्यंत ठेव सांभाळली."

"मॅडम, ती उपाशी व्हती," तुळजाबाई म्हणाली.

"होय, होय. उपाशी असूनसुद्धा."

तुळजाबाईला अजून काही सांगायचं होतं. पण मॅडमनी तिचा हात हातात घेतला, प्रार्थना केली, आणि टांगा निघाला.

वर्षभरानं नव्या धड्यांचा गठ्ठा आला. शेतीचेच धडे, लहान मुलांसाठी. पाचव्या पानावर चित्र होतं: गुबगुबीत गालांची, गुडघ्यापर्यंत वेणी असलेली मुलगी, हातात मडकं, डोक्यावर उजेड. खाली गोष्ट. "विश्वासू राखणदार." नाव राहीचंच. शेवटी प्रश्न होते. राहीने बियाणे का खाल्ले नाही? आपण तिच्यापासून काय शिकावे? गठ्ठ्याबरोबर चिठ्ठी होती, की हा धडा परदेशातल्या मुलांनाही फार आवडला, आणि रविवारी सगळ्या शाळांतून शिकवावा.

त्या रविवारी शाळेत ठकी पहिल्यांदा आली होती, पाच वर्षांची. जनाबाईनं तिला दारापर्यंत आणून सोडलं होतं आणि आत न येता दाराशीच उभी होती.

तुळजाबाईनं पान उघडलं. पहिली ओळ वाचली. मग पुस्तक खाली ठेवलं.

"ह्या चित्रातली पोरगी राही न्हाई," ती म्हणाली. "राही काळी व्हती, बारीक व्हती. तिला वेणी न्हवती. ती मेली कारण घरात खायला न्हवतं आणि ताप आला. घरात बी व्हतं, त्ये तिनं खाल्लं न्हाई, कारण मी तिला खाऊ नको म्हणून शिकवलं व्हतं. मी अर्धंच शिकवलं. तुमी तिच्यासारखं करू नका. भूक लागली आणि घरात दाणा असला, तर खा. कुणाला पुसू नका. मलाबी पुसू नका. देवाला मी सांगते काय सांगायचं त्ये."

तिनं ते पान फाडलं नाही. सगळा गठ्ठा बांधून, वर पत्र ठेवून, नगरला परत पाठवला. पत्रात लिहिलं, की ही गोष्ट शिकवणं मला जमणार नाही, आणि दुसऱ्या शाळांतूनही शिकवू नये अशी विनंती आहे, कारण ती खरी नाही. पोरगी खरी आहे, गोष्ट खोटी आहे.

उत्तर यायला दोन महिने लागले. मॅडमनी मायेनं लिहिलं होतं. दुःखामुळं तुमचं मन थकलंय, तुम्ही विश्रांती घ्यावी, शाळेसाठी दुसरे मास्तर येतील. धड्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मास्तर आले. भले गृहस्थ होते. धडाही शिकवला गेला. तुळजाबाई दुपारी खिडकीबाहेरून पोरांचा आवाज ऐकायची, राहीने बियाणे का खाल्ले नाही, आणि एका सुरात उत्तर. तिला नगरला खोली द्यायला मिशन तयार होतं. ती गेली नाही. तुकाईच्या घराला लागून पडवी होती, तिथं राहिली. बायांबरोबर खुरपायला जायला लागली. रविवारी प्रार्थनेला शेवटच्या रांगेत बसायची आणि गाणी सगळ्यांच्या मागून म्हणायची.

जनाबाई आणि ती एकाच पाटलाच्या रानात, खुरपायच्या शेजारशेजारच्या पातींत असायच्या. चार वर्षं एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. विळा दे. पाणी हाय का. तिकडं लव्हाळा न्हाई, हरळी हाय, मुळासकट काढ, एवढंच.

मग एका दुपारी, शाळूच्या खुरपणीत, जनाबाई मान वर न करता म्हणाली, "झोपेत हसायची ती."

तुळजाबाईचं खुरपं थांबलं.

"राही. झोपेत मोठ्यानं हसायची. आमी दोघं दचकून उठायचो. सकाळी पुसलं, कावून हसलीस गं, तर तिला काय ठावंच नसायचं."

"शाळेत कधी हसली न्हाई," तुळजाबाई म्हणाली.

"तुमाला भ्यायची. लई भ्यायची. घरी तुमची नक्कल करायची, पदर असा खोचून."

जनाबाईनं मातीच्या हातानंच पदर कसा खोचायची ते दाखवलं. तुळजाबाई आधी हसली आणि मग तिला हुंदका आला, तो आवरेना. जनाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, पण सरकून शेजारी बसली, आणि तीही रडायला लागली. दोघी तशाच उकिडव्या बसून रडत राहिल्या. बाकीच्या बायांच्या पाती पुढं निघून गेल्या होत्या. बांधावरून मुकादमानं हाक दिली, काय झालं गं, इंचू चावला का.

"काय न्हाई," जनाबाई ओरडली. नाक पुसलं, आणि तुळजाबाईच्या राहिलेल्या पातीतलं निम्मं तण आपल्याकडं ओढून घेत खुरपायला लागली.